निळ्याच्या जागी लाल

१

लेसिबा फाहलाने तो फ्यूज चिमटीत धरून उन्हासमोर केला आणि म्हणाला, "हा माझा नाही."

आम्ही सगळे तिथेच उभे होतो. मामेलोडी या आमच्या वस्तीतल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाची वर्षातून एक सहल असते, हार्टबीसपोर्टच्या धरणावर. लेसिबाच्या फाटकापासून चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती आणि सगळ्यात पुढे नेहमीप्रमाणे त्याची बीएमडब्ल्यू असायला हवी होती. तीनशे पंचवीस, चार दारांची, एकोणनव्वद सालची, बाटलीसारखी हिरवी. तरुण पोरं या गाडीला गुशेशे म्हणतात आणि मैदानात भोवऱ्यासारखी फिरवून तिचे टायर जाळतात. लेसिबाच्या समोर तो शब्द काढायची सोय नाही. त्याने त्या गाडीला मोठे ब्रेक लावलेत, खालचं सगळं रबर बदललंय, डॅशबोर्डला गेलेली चीरसुद्धा अशी भरलीय की बोट फिरवून कळत नाही.

आणि त्या सकाळी ती गाडी गॅरेजमध्ये नुसती खाकरत होती. सुरू होत नव्हती.

"वय झालं तिचं," मागून कोणीतरी म्हणालं.

"वय माझं झालंय," लेसिबा म्हणाला. "हे बघा. इथे मी स्वतः निळा फ्यूज बसवला होता. पंधरा अँपिअरचा. हा लाल आहे. दहाचा. आणि आधीच जळलेला. माझ्या घरात लाल फ्यूज एकही नाही."

गेल्याच महिन्यात त्याने मोतीबिंदू काढून घेतला होता. तोवर त्याला लाल-निळं सगळं एकाच धुक्यातलं दिसायचं, पण तसं कबूल करणारा तो माणूस नव्हता.

"म्हणजे कोणीतरी बदलला," मी म्हणालो.

"आजच नाही. गेले कित्येक महिने हेच चाललंय. मला वाटत होतं गाडी थकली." त्याने मान वळवली. त्याच्या शेजारी फिनिअस उभा होता. चाळीस वर्षांचा शेजारी, मधल्या भिंतीला टेकून रोज चहा पिणारा. "फिनिअस, गॅरेजची किल्ली दे."

फिनिअसला आधी वाटलं, लेसिबाची स्वतःची किल्ली कुठेतरी राहिली असेल. त्याने हसत खिशातून किल्ली काढून दिली. लेसिबाने ती स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "आता घरी जा."

२

मी मातोमे. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या. कोणी कुठे आदळलं, खरंच आदळलं की आदळवलं, हे ठरवायचं काम. निवृत्त झाल्यावरही लोक मला सोडत नाहीत, पण फिनिअस माझ्याकडे असा येईल असं वाटलं नव्हतं. त्याचे डोळे सुजलेले होते.

"मंडळातलं कोणी माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटा. मातोमे, तुला वाटतं मी केलं असेल?"

"तुला ती गाडी हवी होती. दर ख्रिसमसला तू त्याला विचारायचास."

"ते चेष्टेत. आणि थोडं खरंही. पण म्हणून काय मी लपून फ्यूज बदलीन? माझ्या मर्सिडीजचे फ्यूज बघितलेस ना, लांबट, चिनी मातीचे. हे चपटे रंगीत कुठे मिळतात ते मला माहीतही नाही."

ते खरं होतं, पण तेवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. फ्यूज कुठेही मिळतात.

"त्या सकाळचं सांग. काही दिसलं, ऐकू आलं?"

"काही नाही. मी पहाटे उठून गाडी पुसत होतो. भिंतीपलीकडून सिस्टरच्या वजडीचा वास येत होता. भूक लागली, एवढं आठवतं."

सिस्टर म्हणजे लेसिबाची बायको रामोकोने. प्रसूतीच्या दवाखान्यात तिने जन्म काढला. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली, त्यामुळे तिला नावाने कोणी हाक मारत नाही.

"आणि एक सांगू?" फिनिअस म्हणाला. "त्याच दुपारी तिने वाडगाभर वजडी पाठवली. नवऱ्याने मला चोर ठरवलं आणि बायको जेवण पाठवते. मी विचार केला, हिचा तरी माझ्यावर विश्वास आहे. खाताना रडलो मी. म्हातारपणी माणूस कशाकशावर रडतो."

जाताना तो दारात थांबला. "त्याने सगळ्यांसमोर किल्ली मागितली. घरात बोलावून विचारलं असतं तर चाललं असतं रे."

३

लेसिबा गॅरेजमध्येच होता. तिथे त्याला बसायला गाडीतलीच काढलेली जुनी सीट आहे. त्याने मला त्यावर बसवलं आणि स्वतः डब्यावर बसला.

"तुला फिनिअसने पाठवलं."

"हो. तू म्हणशील ते ऐकायचं, तो म्हणेल ते ऐकायचं. बिघाड सांग."

त्याने सांगितले. आधी इंजिनला पेट्रोल देणाऱ्या पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज पोचवणारी डबी, सैल. मग कॉइलची जाड वायर, रबरी टोपी जागेवर, आत मात्र सुटलेली. मग इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मीटरचा प्लग. मध्ये काही आठवडे काहीच नाही, मग पुन्हा. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजातच अडायची, शनिवारी सकाळी, धुवायला बाहेर काढायच्या वेळी.

"रस्त्यात कधी बंद पडली?"

"कधीच नाही."

"काही तुटलेलं? कापलेलं?"

"नाही." तो थांबला. त्यालाही ते पहिल्यांदाच विचित्र वाटलं असावं. "नाही, ओरखडासुद्धा नाही."

"आणि दुरुस्त कोण करायचं?"

लेसिबाने चिंधी घेऊन हात पुसले. हात स्वच्छच होते. "काबो."

काबो त्याचा एकुलता मुलगा, सेंच्युरियनला एका मोठ्या गॅरेजात तंत्रज्ञ. चार वर्षांपूर्वी त्याने बापाला न विचारता ही गाडी मैदानात नेली, हजार लोकांसमोर गोल फिरवली आणि मागची डावी बाजू खांबाला घातली. त्या दिवशी लेसिबा जे बोलला ते गल्लीने ऐकलं. त्यानंतर मुलगा घरी आला नाही. मला वाटत होतं अजूनही येत नाही.

"गाडी अडली की त्याची आई फोन करते," लेसिबा म्हणाला. "मला वाकायला होत नाही, आणि डोळे असे होते. तो येतो, काम करतो, जेवतो, जातो."

"बोलता?"

"बोलतो की. पाना दे. हे धर. तो बोल्ट सोड." मग तो म्हणाला, "चांगलं काम करतो."

मी उठून गाडीभोवती फिरलो. सगळी गाडी आरशासारखी, आणि मागच्या डाव्या बाजूला तो पोचा तसाच होता. त्यावरही मेण लावून घासलेलं होतं.

"हा का नाही काढला?"

"राहू दे तो."

सहलीबद्दल मी विचारलं. सहल खरं तर पुढच्या शनिवारी ठरली होती, पण पावसाच्या अंदाजामुळे आम्ही ती आयत्या वेळी आधी घेतली होती.

"रामोकोनेला सांगायचं मी विसरलोच," लेसिबा म्हणाला. "बूट घालताना सांगितलं. म्हणाली, आज? मी म्हटलं, आज. चिडली असावी, काही बोलली नाही. मोठं पातेलं चढवलं होतं तिने."

"वजडीचं."

"हो. मला वजडी डॉक्टरांनी बंद केलीय, पायाचा अंगठा सुजतो. पण तिची ती करते." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मातोमे, किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्या घरात, एक फिनिअसकडे. यात तपासायचं काय आहे?"

मी म्हटलं, "भाग कुठून आणायचास?"

"डेस्मंडकडून. पंप, कॉइल, सगळं नवं घेतलं."

डेस्मंडचं नाव ऐकून मी टोपी उचलली. गाडी अडली की ज्याचा फायदा होतो असा एक माणूस तरी निघाला होता.

४

डेस्मंड फोर्टुइनचं दुकान ईर्स्टेरस्टला, रेल्वेच्या कुंपणाला लागून. मोडलेल्या जर्मन गाड्यांचे दरवाजे तिथे पुस्तकांसारखे उभे लावलेले असतात. मी आत शिरलो तेव्हा तो एका गिअरबॉक्सवर पाय ठेवून तळलेला पाव खात होता.

"विमावाला आला," तो म्हणाला. "मी काही जाळलेलं नाही."

"लेसिबाची गाडी सारखी अडते. दर वेळी तू नवा भाग विकतोस."

"विकतो." त्याने घास गिळला. "आणि सोमवारी परत घेतो."

"म्हणजे?"

"म्हातारा पंप घेऊन गेला ना? सोमवारी काबो तोच पंप परत घेऊन आला. खोकं उघडलेलंही नव्हतं. म्हणाला, याच्याऐवजी इंजिनखालची रबरं दे. कॉइलचंही तेच. कॉइल परत, त्याच्या बदल्यात शाफ्टमधला रबरी जोड घेतला. मी म्हटलं, अरे, बापाला सांगितलंस का? तर म्हणतो, तू पण सांगू नकोस. जुनी कॉइल चांगली आहे, जोड मात्र फाटलाय, तो मागितला तर पापा म्हणतील अजून चालेल."

"आणि त्याने तो बसवला?"

"बसवला असणार. म्हातारा मागे मला म्हणाला, तुझा पंप फार चांगला, गाडी आता थरथरत नाही." डेस्मंड हसला. "पंपाचा आणि थरथरीचा काय संबंध? मी गप्प बसलो. आता मला सांग, मी फसवलं की फसवलं नाही?"

मी त्याच्या दारांच्या रांगेत जरा वेळ उभा राहिलो. पंप बिघडलेला नाही हे काबोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कॉइल बिघडलेली नाही हेही माहीत होतं. आणि ज्याला खरा बिघाड कुठे आहे ते इतकं नेमकं ठाऊक असतं, तो बहुधा करणाराच असतो. माझ्या कामात तरी मी असंच शिकलो होतो.

घरातली गॅरेजची किल्ली आईकडून मागून घेणं मुलाला काय अवघड?

५

काबो जेवणाच्या सुट्टीत गॅरेजच्या मागच्या पायऱ्यांवर भेटला. अंगाने बापासारखा, बोलणं आईसारखं, हळू.

"या मामा. पापांना काही झालं का?"

"त्यांनी फिनिअसला चोर ठरवलंय."

त्याच्या हातातला डबा तसाच राहिला. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं, सहल, लाल फ्यूज, किल्ली, चर्चमधला बाक.

"फिनिअस काकांना?" तो पुन्हा म्हणाला. "मला सायकल त्यांनी शिकवली."

"मग खरं सांग. रिले सुटलेला आहे हे शोधायला तुला किती वेळ लागला?"

"बॉनेट उघडेपर्यंत."

"आणि तू संध्याकाळपर्यंत गाडीखाली होतास."

"दुसरी कामं होती. जोड बदलायचा होता, व्हॉल्व्हचं अंतर नीट करायचं होतं. पापा स्वतः पत्ती धरून मोजतात, मी नट फिरवतो." तो पायऱ्यांकडे बघत बोलत होता. "त्यांना दिसत नव्हतं मामा. पत्ती अडकतेय की सरकतेय हे बोटाने ओळखायचे. मी म्हणायचो, बरोबर आहे. बरोबरच असायचं."

"लाल फ्यूज कुणाचा?"

त्याने डबा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "माझ्या गाडीचा. मागच्या वेळी माझा हॉर्न बंद पडला होता, तिथेच अंगणात बदलला. जळलेला तिथल्या डब्यात टाकला."

"म्हणजे तू केलंस."

"नाही."

"मग कोणी केलं ते तुला माहीत आहे."

"ते मी सांगणार नाही. तुम्ही मला मारलंत तरी नाही."

तो उद्धटपणे बोलला नाही. प्रार्थनेत बोलावं तसं बोलला.  समोर कामगार डबे उघडत होते, कोणाच्यातरी डब्यात मक्याची घट्ट लापशी आणि लोणचं होतं.

"तुला शनिवारी सुट्टी असते?"

"एक सोडून एक."

"हे कोणाला माहीत?"

"इथल्या साहेबांना. आणि मा विचारते फोनवर." एवढं बोलून तो थांबला, आणि मला दिसलं की जास्त बोललो असं त्याला वाटतंय.

"तिकडे गेलास की जेवतोस काय?"

तो डब्याकडे बघायला लागला. पण मला आता उत्तराची गरज नव्हती. वजडी आदल्या दिवशी धुवावी लागते, खरवडावी लागते, पहाटे चढवली तर दुपारी मऊ होते. फिनिअसला वास आला तेव्हा लेसिबाने गाडीची किल्ली फिरवलीही नव्हती. गाडी अडेल, मग मुलाला फोन जाईल, मग तो येईल, हे अजून काहीच घडलं नव्हतं. आणि त्या घरात पातेलंभर वजडी खाणारा दुसरा कोणी नव्हता.

"तू कधी ओळखलंस?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी," काबो म्हणाला. "वास फाटकापर्यंत आला होता."

उठताना तो म्हणाला, "मामा, त्यांनी सगळी गाडी नवी केली, पण मी घातलेला पोचा तेवढा ठेवला. मला दर वेळी दिसावा म्हणून."

"मला वाटतं तो तुझ्यासाठी ठेवलाय," मी म्हणालो. "पण तू म्हणतोस तशा अर्थाने नाही. दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून."

त्याने डब्याचं झाकण लावलं, न जेवताच.

६

पण अंदाज वेगळा आणि खात्री वेगळी. आणि सिस्टरबद्दल असं काही बोलायचं तर खात्री हवी.

लेसिबा पेन्शनच्या कामाला बाहेर गेला होता. मी सिस्टरला म्हटलं, गाडी एकदा नीट बघायची आहे. तिने गॅरेज उघडून दिलं. आत दुपारीही अंधारलेलं असतं. बॉनेट वर केलं, या गाडीचं ते नाकाकडे उघडतं, मगरीच्या तोंडासारखं.

"उजेडाला बॅटरी धराल जरा?"

"धरते. तेवढंच येतं मला," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेच करतेय. मला यातलं काही कळत नाही हो."

तिने बॅटरी लावली. मी वाकलो आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालो, "लेसिबा म्हणाला, आधी रिले गेला होता."

प्रकाश फ्यूजपेटीशेजारच्या रिलेवर गेला. मी बोट उचललंही नव्हतं.

"मग कॉइल."

प्रकाश कॉइलवर आला, वायरच्या रबरी टोपीवर, जिथून ती ओढायची असते बरोबर तिथे.

"मग हवेचा मीटर."

तो प्लगवर जाऊन थांबला.  मी वळून पाहिलं. सिस्टर रामोकोनेला समजलं होतं की मला समजलंय. तिने बॅटरी विझवली आणि आम्ही दोघं त्या अर्ध्या अंधारात उभे राहिलो.

"इतकी वर्षं हाताच्या आधी उजेड पोचवायची सवय," ती म्हणाली. "नाहीतर ओरडायचा."

"सिस्टर, फिनिअस चर्चमध्ये एकटा बसतो."

"माहीत आहे." ती लेसिबाच्या त्या जुन्या सीटवर बसली. "मी रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग वाटतं, सांगितलं की लेसिबा काबोला म्हणेल, तुझी आई आणि तू मिळून मला मूर्ख बनवत होतात. मग दोघांचं जे काही चार शब्द बोलणं होतं तेही जाईल. काबोला यातलं काही माहीत नाही, देवाशपथ."

मी ते तसंच राहू दिलं.

"पहिल्यांदा का केलंत?"

"त्याआधी एकदा खरीच अडली होती. गाडीची बॅटरी उतरली होती. लेसिबा पाहत होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, काबोला बोलावू? तो म्हणाला, बोलाव. त्याच्या तोंडून तीन वर्षांनी त्या नावाला 'बोलाव' आलं मातोमे. काबो आला. दोघं संध्याकाळपर्यंत इथे वाकून उभे होते. मी इथे बॅटरी धरून. मला दोघांच्या माना दिसत होत्या, सारख्या." तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं. "मग खूप दिवस गाडी चांगलीच चालली. काय करू? बाळ अडलं की आम्ही कळा येण्यासाठी काहीतरी करायचो. इथे तेवढंच केलं. काही दुखावलं नाही मी तिचं. रस्त्यात अडेल असं कधी केलं नाही. लाल-निळ्याचं मात्र मला कळलं नाही. जळलेला आहे एवढंच बघितलं."

"आणि सहलीच्या दिवशी?"

"त्याने बूट घालताना सांगितलं. मी इथे येऊन तो फ्यूज काढणार होते, पण दारात तुमच्या गाड्या उभ्या. आणि त्याला नवे डोळे आले होते." तिने बॅटरी मांडीवर ठेवली. "त्याला दिसायला लागलं म्हणून मी देवाचे आभार मानले. आणि त्याच दिवशी मनात आलं, आता काबोला कशाला बोलावेल. तुम्हीच सांगा, कसली बायको मी."

मी म्हटलं, "मी फिनिअसला सांगू शकतो. किंवा मंडळाला सांगू शकतो की माझा तपास लागला, फिनिअस निर्दोष, पुढचं विचारू नका. तेवढं ते ऐकतील."

"नको." ती उठली, एप्रन सोडून तिने खुंटीला लावला. "किल्ली सगळ्यांसमोर मागितली गेली. मग मीही सगळ्यांसमोरच बोलेन."

७

रविवारी मंडळ फिनिअसच्या अंगणात जमलं. मीच बोलावलं होतं. लेसिबा यायला तयार नव्हता, सिस्टर त्याला हाताला धरून घेऊन आली. काबो फाटकाजवळ उभा राहिला, आत नाही, बाहेर नाही.

मी बोलायला तोंड उघडलं, पण तिने मला थांबवलं. दवाखान्यात बाळ मुलगा की मुलगी सांगावं तशा सरळ आवाजात ती म्हणाली, "गाडी मी अडवत होते. प्रत्येक वेळी मीच. फिनिअसने हातही लावला नाही. मला माझा मुलगा घरी हवा होता आणि दुसरा मार्ग सापडला नाही. फिनिअस, मी तुला तोंड दाखवायला लाजले म्हणून जेवण पाठवलं. माफ कर."

 लेसिबा बायकोकडे पाहत होता, नव्या डोळ्यांनी, पापणीही न हलवता.

"तुला रिले माहीत आहे?" एवढंच त्याला विचारता आलं.

"तुला बॅटरी कोण धरत होतं?"

"मला सांगायचंस ना. मुलाला बोलाव म्हणून."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, गाडीचं काही असेल तर बोल. म्हणून गाडीचं केलं."

फिनिअसला हसू आलं. तो आवरायचा प्रयत्न करत होता पण ते खोकल्यासारखं फुटलं, आणि मग बरेच जण हसले. लेसिबा हसला नाही. तो फिनिअससमोर जाऊन उभा राहिला, खिशातून गॅरेजची किल्ली काढली, आणि ती द्यायच्या ऐवजी हातातच फिरवत राहिला.

"मी तुला घरी जा म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणालास."

"चाळीस वर्षांत कधी म्हणालो नव्हतो."

"आता किल्ली दे," फिनिअस म्हणाला, "आणि बस. पाय सुजतो तुझा."

लेसिबाने किल्ली दिली. पण बसला नाही. तो फाटकाकडे गेला. काबोने मान खाली घातली होती.

"तुलाही माहीत होतं," लेसिबा म्हणाला.

"हो पापा."

"पंप?"

"परत दिला. जोड बसवला. रबरं बसवली."

लेसिबाने मोठा श्वास घेतला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सुरू होतंय. चार वर्षांपूर्वीचा तो आवाज आम्हाला आठवत होता.

"म्हणूनच थरथरत नाही," तो म्हणाला, आणि मुलाच्या बाजूने वाट काढून घरी निघून गेला. सिस्टर तशीच उभी राहिली. कोणालाच कळेना की हे बरं झालं की वाईट.

चार दिवस काहीच नाही. मग शुक्रवारी लेसिबाने मला बोलावून घेतलं. तो ओट्यावर फोन समोर ठेवून बसला होता, जसं काही ते जनावर आहे. माझ्यासमोर त्याने नंबर लावला. हा नंबर त्याने स्वतः कधी लावलेला नव्हता, आकडे बायकोला विचारून घेतले.

"काबो. पापा बोलतोय."

पलीकडून घाईने काहीतरी आलं.

"नाही, मा बरी आहे. मी बरा आहे. गाडीबद्दल बोलायचंय." तो घुटमळला. "इंजिन उतरवायचंय."

फोनचा आवाज मोठा होता, मला पलीकडचं ऐकू येत होतं. "काय झालंय पापा? परवा तर नीट चालत होती."

"नीटच चालते."

"मग उतरवायचं कशाला?"

लेसिबाने माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या कोंबडीकडे पाहायला लागलो.

"उतरव," तो म्हणाला. "सगळं सुटं कर. आणि मागचा तो पोचाही काढ, मी दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. एकट्याने होणार नाही माझ्याकडून."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की लेसिबाने फोन कानापासून काढून बघितला.

"सगळा हिवाळा जाईल पापा."

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते इंजिन आंब्याच्या फांदीला बांधलेल्या साखळीवर लटकत होतं. फिनिअस भिंतीवर कोपरं टेकून सल्ले देत होता आणि त्याचं कोणी ऐकत नव्हतं, कारण खाली बाप-लेकाचं जोरात जुंपलं होतं. आधी कुठला बोल्ट सोडायचा, यावरून. काबो म्हणत होता, पुस्तकात असं आहे. लेसिबा म्हणत होता, पुस्तक लिहिणाऱ्याला माझी गाडी माहीत नाही. दोघंही चुकत होते, पण ते मी सांगितलं नाही.

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने ती आत गेली, चपला काढल्या, आणि भर दुपारी गाढ झोपली.